स्थौल्य, शल्यक्रिया आणि रांग

बेंगळूरू शहरातून होसूरच्या दिशेने जाणाऱ्या हमरस्त्यावर, आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्रा नावाचे गाव आहे. या भागातील पुष्कळ गावांच्या नावांच्या शेवटी 'संद्रा' हे पद येते. ते 'समुद्र' म्हणजे मोठे तळे या शब्दावरून आले असावे, असे मानतात. तळ्याकाठच्या या गावाभोवती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिक वसाहत उभी राहिली. १० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळूरूच्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. या सुमारे एकोणीस किलोमीटर लांबीच्या मार्गाचे दक्षिणेकडील अखेरचे स्थानक म्हणजे बोम्मसंद्रा. आज या गावाचे नाव दोन कारणांनी दूरवर पोहोचले आहे. २००१ साली येथे नारायण हृदयालय हे रुग्णालय सुरू झाले, आणि मधुमेहावरील औषधे बनविणाऱ्या बायोकॉन या कंपनीचे मोठे आवारही याच परिसरात आहे. शस्त्र आणि औषध असे दोन्ही एका गावाच्या हद्दीत नांदत असल्यामुळे, अतिरिक्त मेदाच्या व्याधीवर मनुष्याने जे उपाय केले आणि त्या उपायांसाठी त्याला जी वाट पाहावी लागली, तिचा इतिहास सांगण्यास हे ठिकाण सोयीचे आहे.

वजन उतरविण्यासाठी पोटाची शल्यक्रिया करावयाची, ही कल्पना आजही अनेकांना चमत्कारिक वाटते. कमी खावे, अधिक चालावे, की झाले. त्याला शस्त्र कशाला, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. या प्रश्नात एक निवाडा दडलेला असतो. स्थूल मनुष्य हा आपल्याच जिभेचा अपराधी आहे, असा तो निवाडा होय. वस्तुतः आपल्या प्राचीन वैद्यकाने इतका एकेरी निवाडा दिलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंदित पुरुषांचा जो अध्याय आहे, त्यात अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्याचा ऱ्हास, हालचालीस अडथळा, दुर्बलता, अतिशय घाम, अतिरिक्त भूक आणि तहान ही त्यांतील काही. कारणे सांगताना अतिभोजन, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोप यांच्याबरोबरच बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा, हेही कारण चरकाने नोंदविले आहे. कृश आणि स्थूल यांत स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, हेही त्याने स्पष्ट सांगितले आहे. ज्या व्याधीची चिकित्सा कठीण, तिच्या रोग्याला केवळ उपदेशावर बोळविणे हे वैद्याचे काम नव्हे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

शस्त्राचा विचारही अगदी नवा नाही. ल्यूशियस अप्रोनियस या रोमन कॉन्सलच्या पुत्राच्या अंगावरील मेद शस्त्राने काढून त्याचा भार हलका केल्याचे प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. दहाव्या शतकातील स्पेनमधील एक कथा तर अधिक बोलकी आहे. लिओनचा राजा सांचो हा इतका स्थूल होता, की त्याला घोड्यावर बसता येईना. ९५८ साली सरदारांनी त्याला सिंहासनावरून दूर केले. त्याची आजी, नवारची राणी तोडा, हिने कोर्दोबाच्या खलिफाकडे साहाय्य मागितले. त्याच्या दरबारात हसदाई इब्न शाप्रूत हा ज्यू वैद्य आणि मुत्सद्दी होता. त्याच्या उपचाराने सांचोचे वजन उतरले आणि खलिफाच्या सैन्याच्या बळावर ९६० च्या सुमारास त्याने राज्य परत मिळविले. या उपचाराचे मोल म्हणून काही किल्ले देण्याचे ठरले होते, असे सांगतात. देण्यास किल्ले होते, म्हणून सांचोला थांबावे लागले नाही. ज्याच्यापाशी किल्ले नाहीत त्याने काय करावे, हा प्रश्न पुढे हजार वर्षे तसाच राहिला.

आधुनिक शल्यशास्त्राला या विषयाकडे वळण्यास दोन गोष्टींची गरज होती. एक भूल आणि दुसरी जंतुनाशन. १८४६ साली बोस्टन येथे ईथरच्या भुलेचा जाहीर प्रयोग झाला. पुढे लिस्टरने जंतुनाशनाची पद्धती रूढ केली. १८८१ साली व्हिएन्ना येथे बिलरोथने कर्करोगाच्या रुग्णाच्या जठराचा भाग यशस्वी रीतीने काढला. तेव्हापासून एक निरीक्षण शल्यचिकित्सकांच्या नजरेसमोर होते. ज्यांच्या जठराचा किंवा आतड्याचा मोठा भाग काढावा लागतो, त्यांचे वजन उतरते. मात्र हा दुष्परिणाम हाच कोणासाठी इष्ट परिणाम ठरू शकेल, हे ध्यानात येण्यास आणखी सत्तर वर्षे जावी लागली.

१९५२ साली स्वीडनमधील हेन्रिक्सन याने स्थूल रुग्णाच्या लघ्वांत्राचा काही भाग काढल्याचे प्रसिद्ध केले. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघ्वांत्राचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून देण्याची रीत मांडली. वजन उतरले, पण त्याबरोबर अविरत अतिसार, मूतखडे आणि यकृताचा ऱ्हास ही संकटे आली. काही रुग्ण त्यात दगावले. ही रीत अखेर सोडून द्यावी लागली. या शास्त्राच्या प्रारंभीची ही पाने उलटताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्यांनी त्या काळी हे शस्त्र स्वीकारले, त्यांनी आपल्या देहावर शास्त्राची चूक झेलली आणि नंतरच्यांना सुरक्षित वाट मिळाली.

ती वाट आयोवा विद्यापीठात सापडली. एडवर्ड मेसन या शल्यचिकित्सकाने पाहिले, की व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांना वजन वाढविणे जड जाते. १९६६ साली त्याने चिकाशी इटो या सहकाऱ्यासह जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लघ्वांत्राला जोडण्याची शल्यक्रिया केली. गॅस्ट्रिक बायपास या नावाने ती पुढे सर्वत्र रूढ झाली. १९९४ साली विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी हीच शल्यक्रिया दुर्बिणीद्वारे, पोटावर लहान छिद्रे पाडून, केल्याचे प्रसिद्ध केले. वेदना कमी झाल्या, इस्पितळातील मुक्काम घटला आणि धोका उतरला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत ४,७७६ रुग्णांपैकी तीस दिवसांत मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण हजारी तीन आढळले.

आज जगभर सर्वाधिक होणारी स्लीव्ह शल्यक्रिया तर प्रतीक्षेतूनच जन्मली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. अतिशय भारी आणि आजारी रुग्णांना संपूर्ण शल्यक्रिया एका वेळी झेपणार नाही, म्हणून शतकाच्या संधिकाळी न्यूयॉर्कमध्ये गॅन्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दोन टप्प्यांत विभागली. पहिल्या टप्प्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून त्याची अरुंद नळी करावयाची, आणि काही महिन्यांनी वजन उतरल्यावर आतड्याचे काम करावयाचे, असा बेत होता. परंतु दुसऱ्या टप्प्याची वाट पाहता पाहता कित्येकांचे वजन इतके उतरले, की त्यांना दुसऱ्या टप्प्याची गरजच उरली नाही. पहिला टप्पा हाच पुढे स्वतंत्र उपचार झाला.

तथापि शल्यक्रिया सुरक्षित झाली म्हणजे ती सर्वांना मिळाली, असे होत नाही. कोणाला द्यावयाची, हे ठरविण्यासाठी एक माप हवे होते. ते माप बेल्जियममधील केतले या गणितज्ञाने १८३२ सालीच करून ठेवले होते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे, एवढेच ते गणित. १९७२ साली ॲन्सेल कीझ याने त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. केतलेला समाजातील सरासरी मनुष्य मोजावयाचा होता. एका व्यक्तीच्या रोगाची परीक्षा हा त्याचा हेतू नव्हता. मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या परिषदेने हेच माप उंबरठा म्हणून स्वीकारले. निर्देशांक ४० किंवा अधिक असल्यास, अथवा मधुमेहासारखी गंभीर व्याधी सोबत असून तो ३५ वर असल्यास शल्यक्रिया विचारात घ्यावी, असे तिने सांगितले. हा उंबरठा पुढे तीस वर्षे जगभर चालला.

परंतु आयोवातील आणि महाराष्ट्रातील देह सारखे नसतात, हे दाखविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पुण्याला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता आणि बालके यांचा अभ्यास चालविला. जन्मतः वजनाने हलकी असणारी आपली बालकेही मेदाच्या प्रमाणात तितकी हलकी नसतात, असे त्यात दिसून आले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आपले आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरात शेकडा २१.२ होता. आकडा एकच, पण त्यामागील देह निराळे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे सुचविले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने शल्यक्रियेचा उंबरठा खाली आणला: सोबत व्याधी नसल्यास ३७.५ आणि असल्यास ३२.५.

येथे शास्त्र आणि व्यवहार यांची फारकत झाली. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविम्यातील वगळावयाच्या बाबींची जी प्रमाणित भाषा ठरविली, तिने स्थौल्याच्या शल्यक्रियेला काही अटींवर दार उघडले. वय अठरा पूर्ण असावे. वैद्याचा सल्ला असावा. आणि निर्देशांक ४०, किंवा इतर उपाय निष्फळ ठरून मधुमेह, हृदयविकार अथवा झोपेत श्वास अडण्याची तीव्र व्याधी सोबत असल्यास ३५ असावा. त्यापूर्वी स्थौल्याचा उपचार विम्यात सर्रास वगळला जात असे, हे पाहता हा निर्णय मोठाच म्हटला पाहिजे. परंतु १६० सेंटिमीटर उंचीची, ८६ किलो वजनाची आणि आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहाने ग्रासलेली एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. तिचा निर्देशांक सुमारे ३३.६ येतो. भारतीय तज्ज्ञांच्या मते ती पात्र आहे, कारण तिच्यासाठी मर्यादा सुमारे ८३ किलोची. विम्याच्या लेखी ती अपात्र आहे, कारण तेथे मर्यादा जवळजवळ ९० किलोची. उपचार मिळण्यासाठी तिने आणखी चार किलो आजारी व्हावे, असाच या गणिताचा अर्थ होतो. रांगेत उभे राहण्याची वाट पाहणारे असे पुष्कळ लोक असतात. आणि त्यांची गणना कोणत्याही प्रतीक्षायादीत होत नाही.

रांगेत शिरलेल्यांचे तरी काय होते? ज्या देशांत आरोग्यसेवेचा भार शासन उचलते, तेथील अनुभव उद्बोधक आहे. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तेथे २००२ साली या शल्यक्रियेला शासकीय मान्यतेची शिफारस मिळाली. पुढे मात्र शल्यचिकित्सकाकडे पोहोचण्यापूर्वी आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि वैद्य यांच्या सेवेत कित्येक महिने काढण्याची पायरी आली. कॅनडातील २००६-०७ या वर्षाची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत ६,७८३ जण यादीवर होते आणि वर्षभरात झालेल्या शल्यक्रिया होत्या १,३१३. सरासरी प्रतीक्षा पाच वर्षांहून किंचित अधिक. भागाकार साधा आहे. पण पाच वर्षांत मधुमेह डोळे आणि मूत्रपिंडे यांवर काय करतो, हे त्या भागाकारात येत नाही. दुसऱ्या बाजूला, १९८७ साली आरंभ झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात ४,०४७ जणांची नोंद होती. त्यांपैकी निम्म्यांनी शल्यक्रिया घेतली. त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी असल्याचे २००७ साली दिसून आले. मग पाच वर्षांची रांग ही केवळ गैरसोय राहत नाही. ती आयुष्याच्या हिशेबात धरावी लागते.

मात्र सर्वच प्रतीक्षा निरर्थक असते, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. शल्यक्रियेपूर्वीची तयारी हा उपचाराचाच भाग आहे. स्थूल मनुष्याचे यकृत मेदाने सुजलेले असते आणि ते जठरावर छपरासारखे पसरलेले असते. शल्यक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे अल्प उष्मांकाचा आहार घेतला, की यकृत आकसते आणि शल्यचिकित्सकाला जठर स्पष्ट दिसते. धूम्रपान सोडावे लागते, कारण त्याने जखमा भरण्यास विलंब होतो आणि फुप्फुसे भूल नीट सोसत नाहीत. घोरण्याकडे घरचे लोक थट्टेने पाहतात. पण झोपेत श्वास अडत असेल तर भुलेच्या वेळी प्राणावर बेतते, म्हणून रात्रीच्या श्वासाची परीक्षा करतात. जठरात दुर्बीण घालून व्रण पाहतात. रक्तातील साखर आटोक्यात आणतात. लोह, बारावे ब जीवनसत्त्व आणि ड जीवनसत्त्व तपासतात, कारण शाकाहारी घरांत त्यांची उणीव आधीच असते आणि शल्यक्रियेनंतर ती वाढते. मानसतज्ज्ञ विचारतो, की दुःख झाले म्हणजे हात डब्याकडे जातो काय. कारण जठर लहान केले तरी दुःख तेवढेच राहते.

ही तयारी खरे पाहता घरादाराची असते. शल्यक्रियेनंतर पहिले काही दिवस डाळीचे पाणी, ताक यांसारख्या पातळ पदार्थांवर काढावयाचे. मग मऊ खिचडी. महिन्याभराने घट्ट अन्न. ताटाऐवजी वाटी, आणि तीही सावकाश. आधी मूग, पनीर, अंडे असे प्रथिनयुक्त अन्न, मग भात-पोळी. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. तरुण स्त्रीने वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावयाची. आग्रह हेच प्रेम मानणाऱ्या आपल्या पंक्तीत दोन घासांनंतर हात थांबविणाऱ्या मनुष्याची कुचंबणा होते. ती होऊ नये यासाठी यजमानांचीही तयारी व्हावी लागते.

परंतु तयारी आणि परीक्षा यांत भेद आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांनी शल्यक्रियेपूर्वी तीन ते सहा महिने देखरेखीखाली आहार पाळून वजन उतरवून दाखविण्याची सक्ती केली होती. तेथील या विषयाच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०११ आणि २०१६ साली स्पष्ट मत दिले, की या सक्तीला शास्त्रीय आधार नाही आणि तिने उपचारास केवळ विलंब होतो. मधुमेहाच्या रुग्णाला पाय वाचविण्यापूर्वी मनोनिग्रह सिद्ध करावयास कोणी सांगत नाही. हृदयाच्या झडपेची शल्यक्रिया करण्यापूर्वी रुग्णाच्या चारित्र्याची परीक्षा होत नाही. स्थूल मनुष्याकडून मात्र ती मागितली जाते. जी प्रतीक्षा यकृत आकसविते ती औषध होय. जी केवळ निश्चय तपासते ती शिक्षा होय. कोणत्याही शासकीय व्यवस्थेने आपल्या नियमांपैकी कोणता कोणत्या सदरात मोडतो, हे वेळोवेळी पाहिले पाहिजे.

आता पुन्हा बोम्मसंद्राकडे वळावयास हरकत नाही. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. १९५२ साली कामगार राज्य विमा योजना कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली; १९५४ साली केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र आरोग्य योजना आली. कारखान्यातील कामगार आणि कचेरीतील कारकून यांची अशी सोय झाली. शेतकरी मात्र बाहेरच राहिला. ही उणीव कर्नाटकात भरून काढण्याची कल्पना नारायण हृदयालयाचे संस्थापक डॉ. देवी शेट्टी यांनी पुढे नेली. शल्यक्रिया ज्याला लागेल असा मनुष्य हजारांत थोडाच; मग हजारांनी थोडे थोडे दिले तर त्या एकाची शल्यक्रिया का होऊ नये? सहकारी संस्थांचे जाळे गावोगावी होतेच. त्याच्या आधारे जून २००३ मध्ये 'यशस्विनी' योजना सुरू झाली. वर्गणी माणशी महिन्याला पाच रुपये, म्हणजे वर्षाला साठ. पहिल्याच वर्षी सुमारे सोळा लाख लोक सभासद झाले. दुसऱ्या वर्षी संख्या वीस लाखांवर गेली.

या प्रयोगाचे मर्म शस्त्रात नव्हते, व्यवस्थेत होते. शल्यगृह अधिक तास चालविले, एकाच प्रकारची शल्यक्रिया पुष्कळ केली, साहित्य घाऊक घेतले, की प्रत्येक शल्यक्रियेचा खर्च उतरतो आणि रांग पुढे सरकते, हे बोम्मसंद्राने हृदयरोगाच्या बाबतीत जगाला दाखविले. स्थौल्याच्या शल्यक्रियेत खर्चाचा मोठा वाटा टाके घालणाऱ्या स्टेपलरचा आणि त्याच्या कार्ट्रिजचा असतो. शासकीय इस्पितळात शल्यचिकित्सक आणि खाट विनामूल्य असली, तरी या साहित्याच्या पैशासाठी नंबर अडतो. ज्या व्यवस्थेने हृदयाच्या झडपेचा खर्च उतरविला, तिला स्टेपलरचा उतरविणे अशक्य नाही.

परंतु त्याच योजनेने मर्यादाही दाखविली. तिसऱ्या वर्षी वर्गणी साठांवरून एकशे वीस झाली आणि सभासद वीस लाखांवरून पंधरा लाखांच्या खाली आले. महिन्याला पाच रुपयांची वाढ ज्याला परवडत नाही, त्याच्या जीवनाचा ताळेबंद किती अरुंद असेल, हे या आकड्यांवरून कळते. २०१८ साली यशस्विनी 'आरोग्य कर्नाटक' योजनेत विलीन झाली आणि २०२२-२३ मध्ये सहकारी सभासदांसाठी ती पुन्हा सुरू करण्यात आली. 'आरोग्य कर्नाटक' योजनेत मोठ्या उपचारासाठी आधी शासकीय इस्पितळात जावे लागते आणि तेथील चिठ्ठी मिळाल्यावरच पुढचे दार उघडते. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. या सर्व योजनांचा पाया एकच आहे: उपचारांची सूची आणि प्रत्येक उपचाराची ठरलेली रक्कम.

स्थौल्याच्या बाबतीत नेमका हाच पाया अपुरा पडतो. अपेंडिक्स काढले, की प्रकरण संपते. एक शल्यक्रिया, एक रक्कम. स्थौल्याची शल्यक्रिया हा मात्र एका दिवसाचा प्रसंग नव्हे. तिच्या आधी काही महिन्यांची तयारी आहे आणि नंतर जन्मभराची देखरेख आहे. गोळ्या, रक्ततपासणी आणि आहाराचा सल्ला थांबला, तर पाच वर्षांनी वजन परतते, हाडे ठिसूळ होतात, रक्त फिके पडते. ठराविक रकमेची योजना शल्यगृहातील दोन तासांचे पैसे चुकते करते. पण जिल्ह्याच्या इस्पितळात आहारतज्ज्ञ असेल काय, तालुक्याला जीवनसत्त्वाची गोळी मिळेल काय, हे ती विचारीत नाही. म्हणून ही शल्यक्रिया गरिबापर्यंत न्यावयाची, तर शस्त्राइतकीच केसपेपरची व्यवस्था लागते. तोच रुग्ण दर सहा महिन्यांनी त्याच खिडकीशी यावा आणि त्याची जुनी नोंद तेथे सापडावी, एवढी साधी ती व्यवस्था आहे.

२०२० साली आलेल्या महामारीने या रांगेची खरी जागा दाखविली. तातडीच्या नसलेल्या शल्यक्रिया जगभर थांबविण्यात आल्या आणि त्यांत ही अग्रभागी होती. गंमत अशी, की स्थूल माणसांनाच त्या रोगाचा धोका अधिक होता. पुढे औषधांचा नवा अध्याय सुरू झाला. भूक आटोक्यात ठेवणारी इंजेक्शने आली; २०२४ च्या मार्चमध्ये त्यांपैकी लिराग्लुटाइड या औषधाची स्वस्त आवृत्ती ब्रिटनमध्ये विकण्याची परवानगी बायोकॉनला मिळाली, आणि २०२५ साली अधिक प्रभावी औषधे भारतीय बाजारात आली. यामुळे शस्त्राची गरज सरेल असे काहींना वाटते. काहींची सरेलही. परंतु औषध थांबविले, की वजन बहुधा परत येते. म्हणजे दरमहा पैसे मोजण्याची ऐपत हीच येथेही पात्रता ठरते. रांग नाहीशी झालेली नाही. ती इस्पितळाच्या दारातून औषधाच्या दुकानाकडे सरकली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशातील स्त्रियांपैकी शेकडा सुमारे तेरा आणि पुरुषांपैकी सुमारे नऊ अतिभारी होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे चोवीस आणि तेवीस झाले. यांतील फारच थोड्यांना शस्त्राची गरज पडेल. पण ज्या थोड्यांना पडेल, ते श्रीमंतच असतील असे मानण्याचे कारण नाही. रात्रपाळी करणारा कामगार, दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी स्त्री, स्वस्त तेलात आणि साखरेत भूक भागविणारे कुटुंब ही सर्व त्या आकड्यांत आहेत. त्यांच्यासाठी व्यवस्थेकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणे अवाजवी होणार नाही. उंबरठा आपल्या देहाप्रमाणे ठरविलेला असावा. तयारीचे महिने उपचाराच्या कामी यावेत, शिक्षेच्या नव्हे. आणि रांगेत कितवा क्रमांक आहे व तो केव्हा लागेल, हे रुग्णाला खिडकीवर खरे खरे सांगितले जावे.

सांचो राजाने किल्ले देऊन आरोग्य घेतले. बोम्मसंद्राच्या प्रयोगाने दाखविले, की लाखो लोक मिळून महिन्याला पाच रुपये देतील, तर किल्ल्याची गरज राहत नाही. या दोन टोकांमधील हजार वर्षांत शल्यशास्त्राने आपले काम पुष्कळसे पुरे केले आहे. उरलेले काम राज्यकारभाराचे आहे, आणि ते नोंदवही, खिडकी व वेळापत्रक यांच्या साहाय्याने करता येण्याजोगे आहे.